गाढवीण आणि दोन पूल

मुलांनो, गोष्टीतल्या प्राण्यांना राहायला जंगल लागते, असे तुम्हाला वाटत असेल. ते सिंह-कोल्ह्यांचे झाले. गाढवाला जंगल कोण देतो? म्हणून ही गोष्ट एका शहरातली आहे. त्या शहराच्या मधून एक नदी वाहत होती, नदीच्या काठी कुंभारांची आळी होती, आणि त्या आळीत एक करडी गाढवीण राहत असे.

गाढवांविषयी माणसे काय काय बोलतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. गणित चुकले की गाढव, दूध सांडले की गाढव, आणि भर रस्त्यात पाय रोवून उभा राहिला तर तो गाढवांचाही गाढव. ही करडी मात्र जन्मात कधी अडली नव्हती. 'चल' म्हटले की चालायची, 'थांब' म्हटले की थांबायची. तिचा मालक गेनूबा कुंभार सगळ्यांना सांगत असे, "आमची करडी म्हणजे गाय आहे गाय!" गाढविणीची याहून मोठी तारीफ कोणी केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

करडीच्या जोडीला एक पांढरी गाढवीण होती. दोघी खाणीतून माती आणत आणि भट्टीवरून विटा नेत. पांढरी डावीकडून चालायची, करडी उजवीकडून. दोघी एकमेकींशी फारसे बोलत नसत. जे रोज बरोबर चालतात त्यांना बोलायची गरज पडत नाही. पांढरीने कान टवकारला की पुढे मोटार आहे हे करडीला कळे, आणि करडीने मान खाली घातली की आता चढ लागणार हे पांढरीला.

मग धुराच्या तक्रारी होऊन आळीतल्या भट्ट्या बंद झाल्या. पांढरी तरणी होती, तिला एका बांधकामवाल्याने विकत घेतले आणि टेम्पोत चढवून नेले. म्हातारी करडी कोणी घेईना. शेवटी गेनूबाने तिचे दावे सोडले, पाठीवर दोनदा थोपटले आणि म्हणाला, "जा माय, मोकळी केली तुला." मग उपरण्याने डोळे पुसत तो घरात गेला, आणि त्याने दार लावून घेतले.

मोकळे होणे म्हणजे काय, हे करडीला ठाऊक नव्हते. ती आळीतून हिंडू लागली. पाठीवर ओझे नव्हते, तरी ती वाकूनच चाले. रस्ता रिकामा असला तरी उजव्या कडेनेच चाले आणि डावीकडे एका गाढविणीपुरती जागा सोडे. मंडईमागच्या ढिगात कोबीचा पाला मिळाला तर निम्मा खाऊन उठे. उरलेला पाला दुसरेच कोणीतरी येऊन खाई. तो कोणासाठी ठेवला होता, हे खाणाऱ्याला काय माहीत!

एक दिवस तिला राहवेना. आळीच्या तोंडाशी चहाच्या टपरीखाली एक कुत्रा पडलेला असे. आळीत कोण आले, कोण गेले, याची खबर त्याला असायचीच. जागचे उठायचे मात्र त्याच्या जिवावर येई.

करडीने विचारले, "भाऊ, आमची पांढरी कुठं गेली हो?"

"पलीकडे," कुत्रा एक डोळा उघडून म्हणाला. "टेम्पोतनं गेली. मी भुंकलो की मागनं."

"पलीकडे म्हणजे?"

"पलीकडे म्हणजे पलीकडे! पूल ओलांडला की आलं." एवढे सांगून त्याने तो डोळाही मिटून घेतला.

आता इथेच घोटाळा झाला. करडीचा सारा जन्म खाण ते भट्टी आणि भट्टी ते खाण असा गेलेला. नदीवर पूल आहेत एवढे तिला माहीत होते, पण तिने एकही पूल ओलांडला नव्हता. तिला वाटले, चाकण असते, सासवड असते, तसे 'पलीकडे' नावाचे एखादे गाव असेल. पूल ओलांडला की आलेच!

त्या नदीवर दोन पूल होते. एक जुना, दगडी आणि अरुंद. त्यावरून पायी चालणारे आणि दुचाकीवाले जात. दुसरा नवा, चांगला रुंद. त्यावरून बस, मोटारी, टेम्पो धावत. एका पुलावरून दुसरा अगदी स्पष्ट दिसे. मध्ये नदीचे पाणी होते तेवढेच. करडीला जुना पूल जवळचा, म्हणून ती जुन्या पुलावर चढली.

पुलावर ही गर्दी! एक बाई निर्माल्याची पिशवी कठड्यावरून खाली टाकत होती. दोन मुलगे हातातल्या फोनकडे बघत चालत होते. एक आजोबा कठड्याला हात लावून दम खात होते. करडीने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिले, पण तिच्याकडे कोणी पाहिले नाही. आळीत निदान 'हाड' तरी म्हणत. करडीला वाटले, पुलावर सगळे येतात, पण पुलावर राहत कोणीच नाही. जो तो कुठून तरी निघालेला आणि कुठे तरी पोचायच्या घाईत. एवढ्या गर्दीत आपण अगदी एकट्या आहोत, हे तिला आळीतल्या रिकाम्या रस्त्यावरही इतके जाणवले नव्हते.

पूल संपला. तिथे एक चारावाली बाई गाय घेऊन बसत असे. कामावर जाणारे लोक बाईकडून चाऱ्याची पेंडी घेत, गाईला घालत, तिच्या शेपटीला हात लावून नमस्कार करत आणि पुढे जात. त्यामुळे गाईची मान जरा ताठच झाली होती.

करडीने अदबीने विचारले, "गाईबाई, हेच का पलीकडे?"

गाय रवंथ करायची थांबली. "अगोबाई! आम्ही गं कशा पलीकडच्या? हे अलीकडे. पलीकडे ते, नदीच्या त्या अंगाला. कुंभार-बिंभार राहतात तिथं."

"पण मी तिथूनच आले."

"मग पलीकडूनच आलीस तू!" गाय म्हणाली. "काय बाई एकेकीला नाद असतो. मघाशी अशीच एक पांढरी गाढवीण विचारत होती. बांधकाम बंद पडलं म्हणून तिला सोडून दिलीय म्हणे. 'आमची करडी कुठं भेटेल? कुंभाराच्या आळीत असते,' म्हणाली. मी सांगितलं, पलीकडे. गेली ती."

करडीचे काळीज लक्‌कन हलले. पांढरी मोकळी होती. पांढरी आपल्याला शोधत होती!

"कुठल्या वाटेनं गेली?"

"नव्या पुलाकडे गेली बाई. टेम्पोतनं आली होती, तीच एक वाट तिला ठाऊक. आता सर जरा, गिऱ्हाईक आलंय."

करडी उलट्या पावली धावत सुटली. तिच्या म्हाताऱ्या खुरांचा दगडी पुलावर टपटप आवाज होऊ लागला, आणि दुचाकीवाले बाजूला होत होत शिव्या घालू लागले. आळीत पोचून तिने टपरीखालच्या कुत्र्याला हलवले.

"पांढरी आली होती का?"

"आली होती की," कुत्रा जांभई देत म्हणाला. "तुला विचारत होती. मी म्हटलं, ती गेली पलीकडे. मग लगेच फिरली, नव्या पुलानं."

कुत्रा खोटे बोलला नव्हता. गायही खोटे बोलली नव्हती. पण खऱ्या उत्तराने माणूस घरी पोचतोच असे नाही, मग गाढवाचे काय?

करडी पुन्हा जुन्या पुलावर आली. मधोमध पोचली आणि तिने सहज डावीकडे पाहिले. नव्या पुलावर, मोटारींच्या रांगेच्या कडेने, पांढरी चालली होती! तिलाही पलीकडे कोणी सापडले नव्हते, म्हणून ती परत आळीकडे निघाली होती. करडीने मान वर करून जिवाच्या आकांताने साद घातली. हॉर्नच्या कलकलाटात ती साद पोचली नाही. पण पांढरीने मान वळवली आणि तिला करडी दिसली. तिचे दोन्ही कान ताठ उभे राहिले, हे करडीला इतक्या लांबूनही दिसले.

आणि मग दोघींनी एकच चूक केली. पांढरी त्या पुलावर आहे तर त्या पुलावर गेले पाहिजे, असे करडीला वाटले. करडी त्या पुलावर आहे तर त्या पुलावर गेले पाहिजे, असे पांढरीला वाटले. दोघी आपापल्या दिशेने सरळ पुढे धावल्या. करडी गाईच्या काठाला उतरून वळसा घालून नव्या पुलावर चढली. पांढरी आळीच्या काठाला उतरून वळसा घालून जुन्या पुलावर चढली. मध्यावर येऊन पाहतात तो काय, पुन्हा दोघींच्या मध्ये तेच पाणी!

हसलात ना? हसण्यासारखेच आहे. पण तुमची आई जत्रेत हरवली आणि तुम्ही तिला शोधत असताना ती तुम्हाला शोधत फिरत असली, तर कसे वाटेल ते मनात आणून पाहा. मला तर ही गोष्ट सांगताना इथपर्यंत आले की हसू फुटता फुटता राहते.

असे किती फेरे झाले, कोण मोजतो! दुपार कलली. पुढच्या एका फेऱ्यात नव्या पुलावरून करडीने पाहिले तर जुन्या पुलावर पांढरी दिसली नाही. करडी थांबली, वाट पाहिली, तरी दिसली नाही. ती कशीबशी पूल उतरून नदीवर पाणी प्यायला गेली.

तिथे उथळ पाण्यात एक म्हैस बसली होती. नाकपुड्या आणि शिंगे तेवढी वर होती. दिवसभर तिने जागा सोडली नव्हती.

"झालं का पळून?" म्हैस म्हणाली. "सकाळपासून बघतेय मी खालनं. ती या पुलावर तर तू त्या पुलावर. तू या पुलावर तर ती त्या पुलावर. माझीच मान दुखायला लागली."

"काय करू हो मी?" करडी रडवेली झाली. "जिवाची पर्वा न करता धावतेय."

"तेच तर चुकतंय. दोघी शहाण्यासारख्या धावताय. अगं, एकीनं तरी गाढवपणा करा!"

"गाढवपणा?"

"मग! देवानं गाढवाचा जन्म दिला आणि तुला साधं अडून बसता येईना? वर जा, मधोमध उभी राहा, आणि काही झालं तरी हलू नकोस. ओरडत राहा. एक हलत नसली की दुसरीला सापडायचीच."

करडी पाण्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "म्हशीबाई, धावतेय तोवर वाटतं की पुढच्या वळणावर ती असेल. थांबले, आणि ती आलीच नाही, तर?"

म्हशीने पाण्यात डोके बुडवले, वर काढले, आणि ती एवढेच म्हणाली, "ते उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही, बाई."

करडी नव्या पुलावर चढली. ऑफिसे सुटायची वेळ झाली होती आणि सारे शहर त्याच पुलावरून घरी निघाले होते. ती पुलाच्या मध्यावर गेली, गाड्यांच्या अगदी पुढ्यात, आणि तिने चारही पाय रोवले. जन्मात पहिल्यांदा ती अडली.

मग काय गहजब उडाला म्हणता! पहिली रिक्षा कचकन थांबली. तिच्यामागे बस, बसच्या मागे मोटारी, मोटारींच्या मागे टेम्पो. हॉर्नचा एकच गोंगाट झाला. रिक्षावाला ओरडला, "ए भवाने, हल की! मीटर काय तुझा बाप भरणार का?" बसमधून कोणी म्हणाले, "अहो, शेपूट पिरगाळा!" एकाने तेही करून पाहिले. वाहतुकीचा हवालदार शिट्टी फुंकत आला, त्याने तिचा कान धरून ओढला, मग मागून ढकलले. एक साहेब गाडीतून उतरले. त्यांना कुठल्याशा मोठ्या सभेला जायचे होते. कपाळाला हात लावून ते हवालदाराला म्हणाले, "तुम्ही पुढचा पाय उचला, मी मागचा धरतो." अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपण नुसते म्हणतो, त्या दिवशी पुलावर लोकांनी ते डोळ्यांनी पाहिले.

करडीला या सगळ्याची भयंकर लाज वाटत होती. कोणी 'चल' म्हणावे आणि आपण चालू नये, हे तिला मार खाण्याहून जड जात होते. क्षणभर तिला वाटले, जावे पुढे, सुटावे यातून. पण ती हलली नाही. ती मान वर करून ओरडत राहिली. तिचे ओरडणे हॉर्नमध्ये बुडून जात होते. जुना पूल समोर दिसत होता. त्यावरून माणसे जात होती, येत होती, आणि पांढरी कुठेच नव्हती.

सूर्य खाली गेला. मग हळूहळू एक गोष्ट झाली. हॉर्न वाजवून काही होत नाही, हे लोकांना कळून चुकले. एकाने गाडी बंद केली, मग दुसऱ्याने, मग बसनेही. कोणी घरी फोन लावला, कोणी नुसतेच कठड्याला टेकून नदी बघू लागले. रोज त्या नदीवरून जाणाऱ्यांनी ती बऱ्याच दिवसांनी पाहिली असेल. पुलावर सगळे शांत झाले. आणि त्या शांततेत करडीची साद पाण्यावरून दूरपर्यंत गेली.

ती साद ओबडधोबड होती. गाढवाच्या आवाजाला कोणी गोड म्हटलेले नाही. पण त्या वेळी पुलावर असलेल्या एकालाही हसू आले नाही. हे जनावर कोणाला तरी बोलावते आहे, एवढे सगळ्यांना समजले.

बराच वेळ काही झाले नाही. हवालदाराने कुठून तरी हिरवा चारा आणून तिच्यापुढे धरला. "ये गं बाळा, कडेला ये," तो मऊ आवाजात म्हणाला. करडीने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. तिने चाऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा मान वर केली.

तेवढ्यात उभ्या बसच्या मागून दोन पांढरे कान दिसले. मोटारींमधल्या सांदीसापटीतून अंग चोरत, आरशांना धक्के देत, लंगडत पांढरी येत होती. करडीला ती दिसली. आपण धावत सुटावे असे तिला दिवसभरात कधी नव्हे इतके आता वाटले. पण त्या धावण्यानेच तिचा सारा दिवस गेला होता. पांढरीचे नाक तिच्या नाकाला लागेपर्यंत करडीने एक खूर उचलला नाही.

"मी जुन्या पुलाखाली घाटावर बसून राहिले होते," पांढरी धापा टाकत म्हणाली. "वाटलं, आता काही तू भेटत नाहीस. मग आवाज आला. अगं, सकाळपासून तू थांबली का नाहीस कुठं?"

"भीती वाटत होती," करडी म्हणाली. "थांबले असते, आणि मला शोधायला कोणीच आलं नसतं, तर मग मला ते कळलं असतं ना."

पांढरीने आपली मान करडीच्या पाठीवर टाकली आणि करडीने तिच्या. गाढवे अशी उलटसुलट उभी राहतात, तुम्ही पाहिले असेल. एकीचे तोंड नदीच्या एका काठाकडे असते आणि दुसरीचे दुसऱ्या. हवालदाराने शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजवायला त्याला जरा उशीरच झाला.

तात्पर्य : आपल्या माणसाला शोधायला पाय लागतात, पण त्याला सापडण्यासाठी एका जागी उभे राहण्याची छाती लागते.